जुनी कोअ‍ॅक्स केबल घेताना



आपल्यातल्या काही घरांत हॅम रेडिओचा छंद आहे. २०२३ साली सुलतान अल नेयादी यांनी अंतराळस्थानकातून इथल्या शाळकरी मुलांशी हॅम रेडिओवर बोलणे केले, तेव्हा मुलांनाही त्याचे कुतूहल वाटू लागले. परवाना टीडीआरए या सरकारी खात्याकडून घ्यावा लागतो आणि तो हातात येईपर्यंत माइकचे बटण दाबायचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सेट आणि अँटेनावर आपण सढळ हाताने खर्च करतो, आणि मग काटकसर सुचते ती केबलवर. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या सामानाच्या दुकानांत केबलची वेटोळी स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त पारखून घ्या.

पहिला प्रश्न, केबल ५० ओहमची की ७५ ची? आपले सेट ५० ओहमचे, तर टीव्ही आणि डिशच्या केबली ७५ च्या. आवरणावरचा छाप वाचता आला तर उत्तमच, पण उन्हात राहिलेल्या केबलवर तो बहुधा पुसलेला असतो. मग व्हर्नियर काढा. बाहेरून ५ मिमी भरली तर बहुतेक आरजी-५८. ७ मिमीच्या जवळ असेल तर डिशची आरजी-६. घोळ होतो तो १० मिमीच्या जाड केबलमध्ये, कारण आरजी-२१३ आणि ७५ ओहमची आरजी-११ बाहेरून जुळ्या बहिणी. अशा वेळी टोक सोलून आतल्या पांढऱ्या प्लास्टिकचा व्यास मोजा आणि त्याला मधल्या तारेच्या व्यासाने भागा. प्लास्टिक भरीव असेल तर सव्वातीन ते साडेतीनला ५० ओहम, सहा ते साडेसहाला ७५. फोमसारखे हलके असेल तर हेच आकडे साधारण अडीच ते पावणेतीन आणि साडेचार असे होतात.

टोक सोललेच आहे तर जाळीही बघून घ्या. तांबे चकचकीत हवे. काळे किंवा हिरवट दिसले तर पाणी शिरले आहे. इथली दमट खारी हवा जोडातून आत जाते आणि जाळीतून वातीसारखी पुढे सरकते. चकचकीत तांबे लागेपर्यंत कापत जा; दोन-तीन मीटर कापूनही काळेच असेल तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. फार जुन्या केबलमध्ये आणखी एक दुखणे असते. उष्णतेने पीव्हीसी आवरणातले तेलकट द्रव्य आतल्या प्लास्टिकमध्ये उतरते आणि केबल वरून धडधाकट दिसत असूनही सिग्नल खाऊ लागते.

मल्टिमीटरने तार तुटली आहे का आणि शॉर्ट आहे का, एवढेच कळते. किती सिग्नल वाटेत मुरतो ते कळत नाही. त्याहून फसवा एसडब्ल्यूआर मीटर! खराब केबल अँटेनाकडून परत येणारी शक्तीसुद्धा गिळते, त्यामुळे मीटरवर आकडा सुंदर दिसतो आणि आपण खूश होतो.

हीच खोड परीक्षेसाठी वापरता येते. केबलचे दूरचे टोक मोकळे ठेवा आणि या टोकाला नॅनोव्हीएनए किंवा अँटेना अ‍ॅनालायझर लावा. (सेट लावू नका, त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळतील.) मोकळ्या टोकावरून सगळा सिग्नल परत यायला हवा, म्हणजे एसडब्ल्यूआर जितका वाईट तितकी केबल चांगली. तो ८ च्या पुढे असेल तर एका बाजूचा तोटा १ डेसिबलच्या आत. ३ दिसला तर तोटा ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती वाटेतच गेली. आणि १.२ दिसला तर केबल कचऱ्यात, कारण १०० वॅटमधले १० वॅटच वर पोहोचतील. ज्या बँडवर बोलणार त्याच फ्रिक्वेन्सीवर मोजा.

तुलना करायला नव्या केबलचे आकडे हवेत. १४४ मेगाहर्ट्झवर २० मीटर आरजी-५८ साधारण ४ डेसिबल खाते, आरजी-२१३ त्याच्या निम्म्याहून कमी. १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे मुंबईच्या बाजूला बोलायला आपण जो बँड वापरतो तिथे, तीच आरजी-५८ जेमतेम १ डेसिबल खाते.

डिश काढल्यावर गच्चीवर उरलेली आरजी-६ फुकट मिळत असेल तर तिला नाक मुरडू नका. ७५ ओहममुळे एसडब्ल्यूआर फार तर दीडपर्यंत जातो आणि साध्या डायपोलला ती बरी जुळते. कुजक्या आरजी-५८ पेक्षा आम्ही तीच निवडू. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असल्याने सोल्डर धरत नाही, तेव्हा क्रिंपचेच कनेक्टर लावा. मधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद असते (चुंबक लावून बघा), म्हणून ८० मीटर बँडवर तोटा जरा वाढतो.

लॅमिंग्टन रोडवरून नवी केबल आणायचा विचार असेल तर ३० मीटर आरजी-२१३ चे वजन साडेचार किलो भरते. तेवढ्या जागेत मेतकूट, गोडा मसाला आणि लोणचे येते, तेव्हा घरात आधी विचारून घ्या.

एका कामाला मात्र जुनी केबल नकोच. २०१८ साली सोडलेल्या कतारच्या उपग्रहावरील क्यूओ-१०० वर बोलायला २.४ गिगाहर्ट्झवर पाठवावे लागते. तिथे १० मीटर आरजी-५८ नवी असली तरी दहातले नऊ वॅट खाऊन टाकते. तिथे कमी तोट्याची नवी केबल घ्या आणि अँप्लिफायर अँटेनाजवळच बसवा.