सारांशात हरवलेली चाळीस माणसं

दहावीच्या मराठी कुमारभारतीत अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. मुलं अडखळतात ती बहुधा ओळखीच्याच शब्दांपाशी. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यातलं वाक्य घ्या: ‘मुकादमाने वीस कोयत्यांसाठी उचल घेतली.’ इथे कोयता म्हणजे तोडणी करणारी जोडी, बहुतेकदा नवरा-बायको. उचल म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम. सारांशात ‘वीस हत्यारं’ आली की चाळीस माणसं गायब! ऊसदराच्या बातमीत मात्र ‘पहिली उचल’ म्हणजे शेतकऱ्याच्या बिलाचा पहिला हप्ता. खडकवासला कालव्याचं ‘आवर्तन’ही असंच, ते ठरावीक मुदतीसाठी सोडलेलं पाणी. शिक्षकांनो, शब्दार्थ फळ्यावर लिहिण्याआधी एवढंच विचारा: या वाक्यात कोण, कोणाला, काय देतंय?