शंभरातले किती रुपये कामाला लागले?

तायांनो, बल्लारपूरच्या पेपर मिलमधला कागद विकला जातो, पण मशीन वर्षानुवर्षं काम करते. मशीन, इमारत, रस्ता यांत घातलेला पैसा म्हणजे स्थिर भांडवली गुंतवणूक.

देशाचं वर्षाचं उत्पादन शंभर रुपये धरलं, तर 2011-12 मध्ये अशी गुंतवणूक सुमारे 34 रुपये होती. कोरोनाच्या 2020-21 मध्ये ती 27 वर आली, नंतर 30 च्या आसपास चढली. ती घटली की नवीन कामधंदे कमी उभे राहतात.

आता आपल्या गटाचं कर्ज रजिस्टर उघडा. आजारपणाचं कर्ज गरजेचंच. पण शंभरातले किती रुपये शिलाई मशीन, पिठाची चक्की, शेळ्यांत गेले? पुढच्या बैठकीत मोजा. मशीन झिजते, म्हणून दुरुस्तीसाठी दरमहा थोडे बाजूला ठेवा.