रेंज कुठली?

२०११ च्या फेब्रुवारीत मी न्यू जर्सीला लेकीकडे होतो. अमेरिकेत २००७ पासून आयफोन फक्त एटी अँड टीच्या जाळ्यावर मिळे; १० फेब्रुवारीला तो व्हेरायझनच्याही दुकानांत आला आणि घरात रोज रात्री खल सुरू झाला. फोन तोच, आयफोन ४. किंमतही तीच, १९९ डॉलर. पण दोन वर्षांच्या करारावर! बँकेत हयात गेलेला मी. आधी विचारले, मुदतीपूर्वी मोडला तर दंड किती?

जावईबापू व्हेरायझनच्या बाजूचे. पण ते जाळे सीडीएमए पद्धतीचे. त्या फोनला सिमकार्डाची खाचच नव्हती. म्हणजे भारतात आल्यावर इथले कार्ड घालायची सोय नाही. शिवाय बोलत असताना इंटरनेट बंद!

लेकीला यातले काहीच नको होते. पुण्यात विहीणबाईंचे हृदयाचे ऑपरेशन ठरलेले. रात्री निजायच्या खोलीत फोन लागला पाहिजे, एवढेच. तिने दोन्ही कंपन्यांच्या गिऱ्हाईक मैत्रिणींना चहाला बोलावले आणि त्या खोलीतून बोलायला लावले. एकीचा आवाज तुटला. दुसरीची कंपनी घेतली. (नाव सांगत नाही, पलीकडच्या गल्लीत निकाल उलटाही लागला असता.)

पुढच्या आठवड्यात पहाटे तीनला तो फोन वाजला. विहीणबाई शुद्धीवर आल्या होत्या.