पीकसंरक्षण आणि बावीस बोअरची रायफल

भुईमूग भरूं लागला, जोंधळा हुरड्यास आला कीं रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि त्याबरोबर बंदुकीची चर्चाहि सुरू होते. 'हलकी, स्वस्त काडतुसांची बावीस बोअरची रायफल घ्यावी काय?' हा प्रश्न अशा वेळीं हटकून निघतो. आमच्या मतें हत्यार आधीं ठरवून मग त्यास कारण शोधणें हा उलटा क्रम होय. कोणतें जनावर, किती अंतरावर, आणि गोळी चुकल्यास ती कोठें जाणार, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं द्यावींत.

या रायफलीच्या नळीचा व्यास सुमारें साडेपांच मिलिमीटर असतो. नळींत पीळदार आटे असल्यामुळें गोळी स्वतःभोवतीं फिरत सरळ जाते. 'लाँग रायफल' हें तिचें नेहमींचें काडतूस अमेरिकेंत १८८७ सालीं निघालें. त्याची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारें अडीच ग्रॅम वजनाची असते. पन्नास-साठ यार्डांवरील सशास ती पुरते. आवाज व धक्काहि थोडा. म्हणून इंग्लंड व ऑस्ट्रेलियांतील शेतकरी सशांचा बंदोबस्त हिनें करतात. परंतु आपल्याकडील मुख्य शत्रु ससा नव्हे; शिवाय आपला रानससा कायद्यानें संरक्षित आहे. जाड कातड्याचें दांडगें रानडुक्कर एवढ्याशा गोळीनें बहुधा मरत नाहीं, जखमी मात्र होतें; आणि तें उसांत शिरलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं तेथें जाणाऱ्या मजुराच्या जिवावर बेततें.

दुसरा धोका पल्ल्याचा. पाखरांवर वापरावयाचे बारीक छर्रे सुमारें अडीचशे यार्डांत खालीं पडतात. ही गोळी मात्र वर रोखून सुटल्यास दीड मैलापर्यंत जाऊं शकते. खडकावरून वा पाण्यावरून ती सहज उसळते. आपलीं शेतें तुकड्यांचीं, वस्त्या रानांत विखुरलेल्या; रात्रीं कोणी माळ्यावर राखणीस, तर कोणी पाटावर पाणी देत असतो. मागें मातीचा उंच बांध वा टेकडी असल्यावांचून अशी गोळी झाडणें हा अविचार होय.

कायद्याचा रोखहि असाच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणें खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ती पुरेशी नाहीं असें अधिकाऱ्यास पटल्यास, निदान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळूं शकते. रायफलीचा यांत समावेश नाहीं. तिच्याकरितां स्वतंत्र सबळ कारण पटवावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्यतः एका व्यक्तीस दोनच बंदुका बाळगतां येतात. तेव्हां निवड चुकवून चालत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व नीलगाय दुसऱ्या अनुसूचींत आहेत. उभ्या पिकास त्यांचा उपद्रव होत असल्यास कलम ११ अन्वयें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊं शकतो. तो हातीं पडण्यापूर्वीं बार काढणारा शेतकरी स्वतःच आरोपी ठरतो. मोर व काळवीट पहिल्या अनुसूचींत असल्यामुळें केवळ पिकाच्या नुकसानीसाठीं त्यांच्याविषयीं अशी परवानगी मिळत नाहीं.

तात्पर्य, रानडुकरांसाठीं बावीस बोअरची रायफल घेऊं नये. नुकसान होतांच वनखात्यास कळवून पंचनामा करवावा. गट क्रमांक, पीक व उपद्रवाच्या तारखा लिहून ठेवाव्या. भरपाईस हींच टिपणें लागतात आणि बंदुकीची खरीच गरज असल्यास तेंच तिचें कारण ठरतें. कुंपण व राखण यांना फांटा देऊन घेतलेली बंदूक पीकहि राखीत नाहीं आणि धन्यासहि सुखानें झोंपूं देत नाहीं.