निर्गुडीची परीक्षा घ्या, पण नोंद कोणाच्या नावावर?

दिवसभर ओझी वाहून सुजलेल्या गुडघ्यावर निर्गुडीचा पाला गरम करून बांधायचा, हे आमच्या आया-आज्यांनी कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. त्यांना अक्षर शिकूच दिले गेले नव्हते. ओढ्याकाठचे झुडूप, चुलीवरचा तवा आणि अनुभव हीच त्यांची शाळा.

आज याच पाल्याची प्रयोगशाळेत परीक्षा होते. पांढऱ्या उंदरांपैकी काहींना निर्गुडीचा अर्क देतात, काहींना सूज उतरवणारे प्रचलित औषध, तर काहींना यातले काहीच नाही. त्यांच्या मागच्या पंजात कॅराजीनन हा समुद्री शेवाळातला पदार्थ टोचतात आणि पुढचे काही तास सूज मोजतात. अशा प्रयोगांत निर्गुडीने सूज कमी केल्याचे दिसले आहे.

आम्ही या परीक्षेचे स्वागतच करतो. हजारो वर्षांची परंपरा म्हणून डोळे झाकून मानणे आम्हाला मंजूर नाही. मात्र उंदराच्या पंजावरून माणसाच्या गुडघ्याचा निकाल लागत नाही. मात्रा किती, धोका काय, हे माणसांवरील रीतसर चाचण्यांतूनच ठरेल.

खरा प्रश्न पुढेच आहे. उद्या औषध बाजारात आले तर नफा कोणाचा? २००२ च्या जैविक विविधता कायद्याने वनस्पती आणि त्यांचे ज्ञान जपणाऱ्यांना व्यापारी लाभात वाटा देण्याचे तत्त्व मान्य केले. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र संहिताबद्ध, म्हणजे ग्रंथात नोंदलेले, पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना या वाट्यातून सूट दिली. निर्गुडी तर आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेच! म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांचे ज्ञान पुरावा ठरले. ज्यांना लेखणीची बंदी होती, त्यांचे ज्ञान हिशेबातच नाही. हा कुठला न्याय?

याच कायद्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. आपल्या गावात ती समिती आहे काय? तिची बैठक होते काय? त्या वहीत आपल्या वस्तीतले ज्ञान लिहिले आहे काय? शिकलेल्या तरुणांनी ग्रामपंचायतीत जाऊन हे विचारलेच पाहिजे. कोणती वनस्पती, कोणता भाग, कशासाठी आणि ते सांगणारी कोण, हे सारे तिच्या नावासह नोंदवून घ्या.

आजीला लिहिता येत नव्हते. आपल्याला येते.