रांजणातला बुळबुळीत थर

वसमतकडे उन्हाळ्यात पाण्याचा रांजण आठ दिवस घासला नाही, तर आतून हात फिरवताच बोटांना बुळबुळीत लागते. नुसते पाणी ओतून हा थर जात नाही. नारळाच्या शेंडीने घासावेच लागते. ही असते जीवाणूंची वसाहत. तिला बायोफिल्म म्हणतात. आपण जैवपटल म्हणू.

सकाळी दातांवर जाणवणारा थरही असाच. १६८०च्या दशकात लेव्हेनहूकने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. व्हिनेगरने चूळ भरली तरी थराच्या पृष्ठभागावरचेच जीव मरतात, आतले जिवंत राहतात, असे त्याला आढळले. जखमेत किंवा लघवीच्या नळीत असे पटल जमले की प्रतिजैविकांचेही तेच होते.

का बरे? जीवाणू स्वतःभोवती शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट लगदा तयार करतात. काही औषधे त्यात अडकतात. दुसरे, आतल्या थरात अन्न आणि ऑक्सिजन कमी पोहोचतो; तेथील जीवाणू जवळजवळ निद्रिस्त असतात. पेनिसिलीन भिंत बांधण्याचे काम बिघडवते. बांधकामच बंद असेल, तर ते बिघडवणार काय?

तिसरे कारण ऑक्सिजनशी निगडित आहे. ऑक्सिजन वापरताना पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक संयुगे तयार होतात. ती प्रथिने आणि डीएनए यांना इजा करतात. हाच ऑक्सिडीकरणाचा ताण. आपल्या पांढऱ्या पेशीही जीवाणूंवर हेच शस्त्र चालवतात. बचावासाठी अनेक जीवाणूंकडे कॅटालेज हे विकर असते.

वर्गात हे दाखवता येईल. काचेची एक पट्टी दहा दिवस हौदाच्या पाण्यात बुडवून ठेवा. शिक्षकांनी हातमोजे घालून तिच्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकावा. स्वच्छ पट्टीवरही एक टाकावा. बुळबुळीत पट्टीवर बुडबुडे आले, तर ते कॅटालेजने सुटा केलेला ऑक्सिजन होय.

जीवाणू मारणारी प्रतिजैविके हाच ताण वाढवून मारतात, असे २००७ मध्ये मांडले गेले. मात्र ऑक्सिजन नसतानाही ती मारतात, हे २०१३ मध्ये दोन गटांनी दाखवले. तेव्हा हे एकमेव कारण नव्हे. तरी २०११ चा एक प्रयोग महत्त्वाचा आहे. स्यूडोमोनास जातीच्या उपाशी जीवाणूंमध्ये धोक्याचा एक रासायनिक इशारा सुरू होतो आणि ताणापासून बचावाची व्यवस्था बळकट होते. संशोधकांनी तो इशारा बंद पाडला. मग पटलातील जीवाणूंना प्रतिजैविकाने मारणे कितीतरी सोपे झाले.

येथे एक फरक ध्यानात ठेवू. पटल मोडून सुटे केलेले जीवाणू बहुधा पुन्हा औषधाला बळी पडतात. ही तात्पुरती सहनशीलता. जनुकांतला कायमचा प्रतिकार नव्हे. पण एकीतून दुसरा जन्मू शकतो. तगून राहिलेल्यांच्या डीएनएला ताणाने इजा होते, दुरुस्तीत चुका होतात आणि एखाद्या चुकीतून प्रतिकार निर्माण होतो. दाटीवाटीत शेजाऱ्यांकडून प्रतिकाराची जनुकेही मिळतात.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मग हळद लावून भागेल का? कुर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत काही जीवाणूंचे पटल रोखते, हे खरे. पण ते पाण्यात जेमतेम विरघळते, आणि बशी म्हणजे जखम नव्हे. मधुमेही माणसाची पायाची जखम भरत नसेल, तर हळद लेपून दिवस घालवण्यात पाय गमावण्याचा धोका आहे. डॉक्टर अशी जखम खरवडून साफ करतात, मग औषध देतात. रांजणाचाच न्याय हा! आधी घासायचे, मग धुवायचे.

आणि साध्या सर्दीला उरलेल्या दोन गोळ्या घेण्याची सवय? विषाणूंवर त्यांचा परिणाम शून्य. आपल्या अंगावरच्या जीवाणूंना मात्र प्रतिकाराचा सराव मिळतो. हे मुलांना सांगितले, तर ती घरी जाऊन सांगतील.