खोटं जीवनसत्त्व, खरं प्रतिजैविक : ब-२ ची गोष्ट



सूक्ष्मजीवांचा पाठ आला की आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात उपयुक्त, दुसऱ्यात उपद्रवी. दही लावणारे इकडे, टायफॉइडचे तिकडे. मुलांना लक्षात ठेवायला हे सोपं जातं. पण आजची माहिती वाचली की लक्षात येईल, जीवाणू जीवनसत्त्व कसं बनवतो आणि प्रतिजैविक त्याला कसं मारतं, हे दोन वेगळे धडे नाहीतच.

आधी ब-२ ची ओळख

घरी दूध नासवून पनीर केलं की खाली पिवळसर-हिरवट पाणी उरतं. तो रंग जीवनसत्त्व ब-२ म्हणजे रायबोफ्लेविनचा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते, तेही याच्यामुळेच. हे जीवनसत्त्व कमी पडलं की ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लाल होऊन दुखते.

अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या अनेक विकरांना काम करायला ब-२ पासून बनलेला मदतनीस लागतो. तो नसला तर विकर असूनही काम अडतं. आपलं शरीर ब-२ बनवू शकत नाही, म्हणून ते दूध, अंडी, पालेभाज्या यांतून घ्यावं लागतं. वनस्पती, बुरशी आणि बरेचसे जीवाणू मात्र ते स्वतःच तयार करतात. पूर्वी कारखान्यात ते रासायनिक पद्धतीने बनवायचे. आता ते मुख्यतः सूक्ष्मजीवांकडूनच बनवून घेतलं जातं.

मातीतला लाल पदार्थ

१९७४ मध्ये जपानी संशोधकांनी एका नव्या प्रतिजैविकाची माहिती प्रसिद्ध केली. फिलिपिन्सच्या मातीत सापडलेला स्ट्रेप्टोमायसिस गटातला एक जीवाणू ते तयार करत होता. पदार्थ लालसर होता, म्हणून नाव पडलं रोझिओफ्लेविन. त्याची रचना ब-२ सारखीच निघाली, फरक फक्त एका कोपऱ्यात.

हा फरक जीवाणू कसा घडवतो, याचा शोध जर्मनीतल्या मानहाइम शहरातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मथियास माक आणि त्यांच्या गटाने अनेक वर्षं घेतला. जीवाणू आधी नेहमीसारखं ब-२ बनवतो. मग त्यातला एक छोटा कार्बनचा तुकडा काढून तिथे नायट्रोजनचा तुकडा बसवतो आणि शेवटी त्याला दोन छोटे कार्बनचे तुकडे जोडतो. ही शेवटची जोडणी करणारं विकर त्यांनी २०११ मध्ये दाखवलं, तर तुकड्यांची अदलाबदल करणारं विकर २०१६ मध्ये. म्हणजे बघा, पोषण करणाऱ्या रेणूत थोडीशी दुरुस्ती केली की शेजाऱ्याला मारणारं हत्यार तयार!

टाकीतला बॉलकॉक

हे हत्यार चालतं कसं? मुलांना सांगायला घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. टाकी भरली की बॉलकॉकचा चेंडू वर येतो आणि पाणी आपोआप बंद होतं.

जीवाणूतही अशीच सोय असते. ब-२ पुरेसं झालं की ते (खरं तर त्याचा मदतनीस प्रकार) एका आरएनएच्या घडीत जाऊन बसतं आणि पुढचं उत्पादन थांबतं. या सोयीला रायबोस्विच म्हणतात.

आता रोझिओफ्लेविन काय करतं? ज्या जीवाणूंना बाहेरून ब-२ आत घ्यायचं दार असतं, त्यांच्यात ते त्याच दाराने शिरतं. आत त्याचा खोटा मदतनीस बनतो आणि तो रायबोस्विचमध्ये जाऊन बसतो. टाकी रिकामी असताना कोणीतरी हाताने चेंडू वर उचलून धरावा, तसं हे झालं. जीवाणूला ब-२ हवं असतं, पण उत्पादन बंद! शिवाय खोटा मदतनीस विकरांमध्येही जाऊन बसतो आणि त्यांतली काही नीट चालत नाहीत. असा दोन्हीकडून मार बसतो.

मग बनवणारा जीवाणू स्वतः का मरत नाही? माक यांच्या गटाने २०१२ मध्ये त्याचंही उत्तर दिलं. त्याचा रायबोस्विच खरा आणि खोटा मदतनीस ओळखतो. त्याचा चेंडू खोट्या हाताने उचलला जात नाही.

मग हे औषध दुकानात का नाही?

कारण ब-२ आपल्यालाही लागतं. माणसाची विकरंसुद्धा रोझिओफ्लेविनला ब-२ समजून त्याचा खोटा मदतनीस बनवतात, हे याच गटाने दाखवलं आहे. जे जीवाणूला फसवतं ते आपल्या पेशीलाही फसवू शकतं. म्हणून सध्या त्याचा उपयोग अभ्यासासाठी आणि चांगले वाण निवडण्यासाठी होतो.

याउलट सल्फा औषधं पहा. १९४० मध्ये डोनाल्ड वुड्स या ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की यीस्टचा अर्क घातला तर सल्फाचा जीवाणूंवरचा परिणाम नाहीसा होतो. अर्कात पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल असावं असं त्यांनी दाखवलं. जीवाणू त्यापासून फोलिक आम्ल बनवतात, आणि सल्फाची रचना अगदी त्या आम्लासारखी. इथेही फसवणूकच! पण फरक मोठा आहे. आपण फोलिक आम्ल बनवत नाही, ते अन्नातून तयार मिळवतो. जो कारखाना आपल्याकडे नाहीच, तो बंद पडला तरी आपलं काही अडत नाही. म्हणून सल्फा औषध म्हणून चाललं.

याच फोलिक आम्लाच्या शोधातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईतला. लूसी विल्स या डॉक्टरांनी गर्भवती स्त्रियांचा एक प्रकारचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजे पुढे फोलिक आम्ल ठरला.

बिघडलेला चेंडू

जीवाणूंची संख्या अफाट असते. त्यांत एखाद्याचा रायबोस्विच योगायोगाने आधीच बिघडलेला असतो. रोझिओफ्लेविन घातलं की बाकीचे थांबतात आणि हा टिकतो, कारण त्याची टाकी बंदच होत नाही, ब-२ वाहतच राहतं. शास्त्रज्ञ असे वाण मुद्दाम निवडतात. आंबवलेल्या पदार्थांत जास्त ब-२ यावं म्हणून लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जीवाणूंवर असं काम झालं आहे.

पण हीच निवड आपल्या घरातही होते, आणि तिथे ती घातक ठरते. सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. तरी मागच्या वेळची उरलेली गोळी मुलाला दिली की शरीरातले साधे जीवाणू मरतात आणि टिकून राहणारे वाढतात. सल्फाचंही तसंच झालं. फसणारं विकर बदललेले जीवाणू पसरले आणि बऱ्याच आजारांत ते औषध निकामी झालं. म्हणून पालकहो, प्रतिजैविक डॉक्टरांनी सांगितल्यावरच, सांगितलं तेवढंच आणि तितकेच दिवस द्या. उरलेलं औषध पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

वर्गात काय करता येईल

१. बी-कॉम्प्लेक्सची गोळी शिक्षकांनी पाण्यात विरघळवावी आणि अंधारात नोटा तपासायच्या दिव्याखाली धरावी. पाणी पिवळसर-हिरवं चमकतं. (दिव्याकडे थेट पाहू देऊ नका. पाणी नंतर फेकून द्या.)

२. तसंच पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत घ्या. एक उन्हात, एक कपाटात ठेवा. दुसऱ्या दिवशी चमक तपासा. ब-२ उजेडात नष्ट होतं, म्हणून दूध उन्हात ठेवू नये, हे मुलं स्वतःच सांगतील.

३. बॉलकॉकचं चित्र काढून तीन प्रसंग विचारा : टाकी भरली, चेंडू कोणी उचलून धरला, चेंडू तुटला. कोणता प्रसंग प्रतिजैविकाचा आणि कोणता औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूचा, हे मुलांना ओळखू द्या.

मुलांनी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं, तर घरातली उरलेली गोळी का घ्यायची नाही हे तीच आईबाबांना समजावतील.